माशीच्या अंड्याचा श्वास

“जे धूसर दिसतं त्याच्याशी लग्न करावं, त्यावर शोधनिबंध लिहू नये,” असं रोसविथा हार्टलेब एकदा म्हणाली होती. तिनं दोन्ही केलं. लग्न लवकर आटोपलं, निबंध मात्र टिकला.

माशीच्या जिवंत अंड्यात पेशींची एक मंद, संथ लहर तिनं पहिल्यांदा पाहिली आणि तिला ‘श्वास’ हे नाव दिलं. जर्मनीतल्या येना या भिंगं बनवणाऱ्या शहरातल्या लोकांना भिंगांचं कौतुक पोटच्या पोरापेक्षा जास्त. त्या श्वासावर तिची नोकरी, मान आणि सभागृहाबाहेरचा फोटो, सगळं उभं राहिलं.

तिच्या कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकात लेझरचा ठिपका नमुन्यावरून ओळीओळीनं फिरतो. नेमक्या थरातला उजेड तेवढा बारीक छिद्रातून आत येतो, वरखालचा गढूळपणा बाहेर राहतो. तरी तिचं समाधान होईना. टेबलाची बारीक थरथर थांबून श्वास आणखी स्वच्छ दिसावा म्हणून तिनं लेझर थंड ठेवणारा पाण्याचा पंप टेबलावरून काढून शेजारच्या खोलीत नेला. चित्र लख्ख झालं. श्वास तेवढा गेला.

अंडं मेलं असेल म्हणून तिनं दुसरं लावलं, मग तिसरं. अंडी मजेत वाढत होती, श्वास काही घेत नव्हती. पंप परत टेबलावर ठेवला, श्वास आला. मग तिनं जेवणाच्या डब्यातल्या भाजलेल्या सॉसेजची पातळ चकती कापून भिंगाखाली सरकवली. तीही श्वास घेऊ लागली, अगदी मन लावून.

विभागप्रमुख एकार्ट लिपोल्ड तिच्याबरोबर शिकलेला. तिनं त्याला बोलावून दाखवलं. दुपारी तिचाच सत्कार होता आणि नव्या यंत्राला मंजुरी देणारे पाहुणे बर्लिनहून निघालेही होते.

“रोसी, आजचा दिवस गप्प बस,” तो म्हणाला. “उद्या काय ते सावकाश शोधून काढू.”

“इतकी वर्षं पंपाची नाडी धरून बसले रे मी.”

“मग आणखी एक दुपार धर. केक आलाय.”

केकवर साखरेचं अंडं होतं. एकार्ट तिच्या चिकाटीवर बोलला, पदाला शोभेल इतका गहिवरला, आणि तिनं चित्रफीत लावली. पडद्यावर लहर उठली, विरली, पुन्हा उठली. पाहुण्यांतल्या एक बाई हळूच म्हणाल्या, “जीव म्हणतात तो हाच.” टाळ्या पडल्या. एकार्टनंही सुटका झाल्यासारख्या वाजवल्या.

रोसविथानं पुढचं चित्र लावलं. बशीत सॉसेजची चकती, कडेला मोहरीचा सॉस, आणि खाली ठळक अक्षरांत: ‘आत्ता पाहिलेला नमुना. पंप चालू.’

टाळ्या एकेक करून थांबल्या. कुणीतरी हसलं, मग आपण एकटेच हसतोय हे त्याला कळलं. रोसविथानं खुर्चीवरचा कोट उचलला, अंगात चढवला आणि दार उघडून निघून गेली.