ग्लोव्हला खोबरेल

शामकांत बर्वे जहाजावर इंजिनिअर होता तेव्हा ह्यूस्टनच्या बंदरात त्याची बोट दुरुस्तीला अडकली, आणि वेळ घालवायला तो बेसबॉलची मॅच बघायला गेला. तिथे जे वेड लागलं ते लागलंच. पुढे सिंगापुरात किनाऱ्यावरची नोकरी घेतली, क्लेमेंटीत अकराव्या मजल्यावर संसार थाटला, तरी सकाळी चहाआधी स्कोअर बघितल्याशिवाय स्वारीला चैन पडत नसे. पण दसऱ्याच्या सुमारास तिकडचा मोसम संपत येई, आणि मार्चअखेरपर्यंत हा गडी नुसता सैरभैर.

मग सुरू होई ग्लोव्हची सेवा. दसऱ्याला नटबोल्टच्या पान्याशेजारी तो चेंडू झेलायचा चामड्याचा ग्लोव्ह पूजेला मांडायचा आणि त्या दिवसापासून त्याला रोज खोबरेल चोळायचा.

"अरे, ते किमयाच्या केसांचं तेल आहे!" बायको शैला करवादायची.

"चामडं मऊ राहतं," हा म्हणायचा. पुण्याच्या थंडीत थिजणारं तेल सिंगापुरात कधीच थिजत नाही, हे मात्र त्याच्या डोक्यात आलं नाही. अति तिथे माती. आठ वर्षांच्या लेकीला, किमयालाही त्याने नादी लावलं होतं. चेंडू हवेत असला की आधी 'माइन', म्हणजे 'माझा', असं ओरडून सगळ्यांना सावध करायचं, हा तिचा पहिला धडा.

दोन हजार पंधराच्या जानेवारीतल्या एका शनिवारी शैला किमयाला पोहण्याच्या क्लासहून आणायला गेली होती. हा लिफ्टसमोरच्या मोकळ्या जागेत कठड्याकडे पाठ करून भिंतीवर चेंडू मारत होता. हळू मारायचा, खाली मारायचा, हा नियम त्याचा स्वतःचाच. पण मनातल्या मनात शेवटची इनिंग रंगली आणि हात जोरात सुटला. चेंडू उसळून ग्लोव्हात आला, तेलावरून सटकला आणि खांद्यावरून कठड्यापलीकडे गेला.

ओरडायला त्याने तोंड उघडलं, पण आवाजच फुटला नाही. खाली झाडांचे शेंडे, दुसरं काही दिसेना. मग एका बाईची किंकाळी ऐकू आली.

लिफ्टमध्ये वरून वस्तू टाकू नका, माणूस मरतो असं सांगणारं पोस्टर होतं. रोज दिसायचं, आज वाचवेना. सातव्या मजल्यावर एक चिनी आजी ट्रॉली घेऊन सावकाश आत आली. हातातल्या ग्लोव्हकडे, मग त्याच्या पांढऱ्याफटक चेहऱ्याकडे बघून म्हणाली, "अंकल, यू ओके ऑर नॉट?"

पोलीस, नोकरी, इथे राहण्याचा पास, सगळं त्याच्या मनात येऊन गेलं आणि एकच उरलं. शैला आणि किमयाची यायची वेळ हीच. देवा, माझी पोर नको, तो पुटपुटला. मग कुणाची? या विचाराने त्याला स्वतःचीच भीती वाटली.

खाली शैला पायरीवर बसली होती, किमयाला घट्ट धरून. किमयाच्या हातात चेंडू होता.

"पापा, युअर बॉल! जस्ट हिअर, माझ्या शूजजवळ पडला! आई स्क्रीम्ड सो लाउड." मग तिने सिंगापुरी वळणाच्या इंग्रजीत, तक्रारीच्या सुरात विचारलं, "यू नेव्हर शाउट लाह. हाउ टु कॅच?"

तो खाली बसला आणि लेकीचं डोकं चाचपू लागला, पुन्हा पुन्हा, सगळीकडून. कुठेही काही लागलं नव्हतं. तिच्या ओल्या केसांना खोबरेलाचा वास येत होता, आणि त्याचा हात काही केल्या थांबेना.