नकाशात नसलेली खिडकी

नोकरीत शेकडो तक्रारी लिहून घेतल्या, बहुतेक विसरलो. दादरच्या एका बंगल्याची तक्रार मात्र अजून डोक्यातून जात नाही, कारण तिच्यात गुन्हेगार नेमका कोण, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

गिरणी संपाला दहा-बारा वर्षं झाली होती. मी तिथे सब-इन्स्पेक्टर होतो. बंगल्याचे मालक सकाळीच ठाण्यात आले. घर त्यांच्या आजोबांनी नामांकित आर्किटेक्टकडून बांधून घेतलेलं. त्याने स्वतः काढलेला मूळ नकाशा पत्र्याच्या नळीतून नाहीसा झाला होता आणि आठ दिवसांनी जुन्या वास्तूंच्या सरकारी वारसा यादीसाठी घराची पाहणी होणार होती. आजोबा, जिना, रंगीत काचा, सगळा इतिहास त्यांनी उभ्या उभ्या ऐकवला. ठाणे अंमलदार जांभया देत होता.

दुपारी खबऱ्याने बातमी आणली. त्या घरचा गडी फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबट घेऊन करी रोडच्या चाळीत शिरला होता. हा पूर्वी गिरणीत सुतार होता, मालवणकडचा. संपात नोकरी गेली तेव्हापासून बंगल्यात वरकाम करायचा. त्याला आणला. दरडावायचीही गरज पडली नाही.

"मियाच घेतलंय, सायब. लिवन घेवा."

इतक्या सहज कबुली मिळाली की मला शंका येते. पंचांना घेऊन खोलीची झडती घेतली. नकाशा नव्हताच, माळ्यावर सागवानी खिडकीची नवीकोरी चौकट मिळाली. ही कोणाची, विचारलं तर गप्प. चोरी कबूल करणारा माणूस खिडकीबद्दल बोलेना. माझं डोकं चालेनासं झालं.

चौकटीचं माप चिठ्ठीवर लिहून घेतलं आणि बंगला पालथा घातला. एकाही खिडकीला ते जुळेना. शेवटी स्वयंपाकघरात गेलो. भर दुपारी तिथे दिवा लागलेला, भिंती धुराने काळ्या. मालकीणबाई पोळ्या लाटत होत्या. गड्याने चोरी कबूल केली, आता तो आत जाईल, एवढंच मी म्हणालो. त्यांनी हात धुतले आणि पिठाच्या डब्यामागून नकाशा काढला.

"त्याला सोडा. संपात त्याच्या मुलांना मी जेवू घातलं, म्हणून माझं अंगावर घेतोय तो."

दिवाणखान्यात पियानो कुठे ठेवायचा, तेही नकाशात आखलेलं होतं. त्यातल्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर फक्त बाईंनी पेन्सिलीने काढलेला छोटा चौकोन होता, शेजारी माप लिहिलेलं. माप माझ्या चिठ्ठीशी जुळलं. तीस वर्षं त्या एक खिडकी मागत होत्या. आर्किटेक्टच्या भिंतीला भोक पाडायचं नाही, हे उत्तर ठरलेलं. घर यादीत गेलं की खिळाही ठोकता येणार नाही, असं मालकच म्हणाले, तेव्हा तुळया कुठे आहेत ते पाहायला बाईंनी नकाशा घेतला आणि सुताराला सागवान देऊन चौकट करायला सांगितली; फडक्यातून गेलं ते हेच लाकूड.

मालकांनी नकाशा बराच वेळ निरखला, मग तक्रार मागे घेतो म्हणाले. सुतार सुटला. खिडकी झाली की नाही, मला माहीत नाही. ते विचारायला माझ्याकडे कलम नव्हतं, आणि याची मला आजही चुटपुट लागते.

तोवर मी घराचा पंचनामा दिवाणखान्यापासून सुरू करायचो, पुढे स्वयंपाकघरापासून करू लागलो. त्या संध्याकाळी क्वार्टरवर आलो तेव्हा बायको ओट्याशी उभी होती. तुला इथे काही हवं आहे का, असं मी तिला विचारलं. तिने गॅस बारीक केला.

"ही कुठल्या केसची चौकशी?"

लग्नाला अठरा वर्षं झाली होती. तिचा संशय रास्त होता.