मदर बसत नाही

बातमी आली तेव्हा मी सिविक सेंटरच्या बाजारातल्या एका दुकानात सर्वरच्या पंख्यासाठी वायर बघत होतो. तुषारनेच आणायला सांगितली होती. "मी घरी आलो की लावू, तोवर तू हात नोको लावजो," असंही बजावलं होतं. फोन काकांचा होता. काका म्हणजे तुषारचे वडील. स्टील प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये आयुष्य गेलेलं, त्यामुळे फोनवरही मशीनच्या पलीकडच्या माणसाशी बोलावं तसं मोठ्यानं बोलणारे. त्या दिवशी त्यांचा आवाज इतका बारीक होता की मला दुकानाबाहेर यावं लागलं. "बाबू, तू हॉस्पिटलात नोको येऊ. काकू घरी आली हाय आंघोळीले... तिच्याजवळ जाऊन बस. मी येतो त्याले घेऊन." मी हो म्हणालो. मग आत जाऊन दुकानदाराला म्हणालो, द्या ती वायर. का घेतली, ते मला अजून सांगता येत नाही.

तुषार आणि मी प्लांटच्या वसाहतीत, एकाच सेक्टरात वाढलो. दोघांच्याही आजोबांची शेती भंडाऱ्याकडे, दोघांचेही वडील प्लांटमध्ये, आणि आपापल्या घरातून कॉलेजात जाणारे आम्ही पहिले. वर्गात प्रश्न विचारायला मी घाबरायचो. तुषार माझ्या वतीनं विचारायचा आणि सर वैतागले की माझ्याकडे बोट दाखवायचा, "सर, इसको समझ नहीं आया." इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी त्याचे पाय सुजायला लागले. जाडा झाला म्हणून आम्ही त्याला चिडवलं. नंतर कळलं, दोन्ही किडन्या जवळजवळ संपल्या होत्या. डायलिसिस सुरू झालं आणि कॉलेज कमी होत होत थांबलं. लॅबमध्ये जाता येत नाही तर लॅब घरी आणू, असं त्यानं ठरवलं. त्याला सर्वर सांभाळायचं काम शिकायचं होतं. "हे काम झोपूनबी करता येते बे," तो म्हणायचा. "सर्वर तिकडं, आपण इकडं. माह्यासाठीच बनवलं हाय."

बोर्ड त्यानं घरबसल्या मागवला. कुठल्याशा ऑफिसनं काढून टाकलेल्या, मोठ्या कंपनीच्या सर्वरचा मदरबोर्ड होता तो, बाकी सगळे भाग जिला जोडतात ती मुख्य पाटी. रॅकमध्ये सरकवतात तशी लांब, चपटी लोखंडी कॅबिनेट मी जामुलच्या एका भंगारवाल्याकडून स्कूटीवर आडवी धरून आणली. बोर्ड म्हणजे बोर्ड आणि पेटी म्हणजे पेटी, एवढंच आम्हाला वाटत होतं. साध्या कॉम्प्युटरचं बरंचसं तसं असतंही, भोकांच्या जागा ठरलेल्या असतात. पण या कंपनीचा बोर्ड तिच्याच पेटीत बसणारा निघाला. भोकं वेगळ्या जागी, चालू करायच्या बटणाची पट्टी वेगळी, पंखेसुद्धा तिचेच लागणार. बोर्ड ज्यांवर टेकतो त्या पितळी खुंट्या पेटीत जिथे होत्या, तिथे आमच्या बोर्डाला भोकच नव्हतं. तसाच वरून दाबला असता तर खुंटी मागच्या सर्किटला लागून बोर्ड जळाला असता.

त्याच दिवसांत काकूंच्या तपासण्या चालू होत्या. काकू म्हणजे तुषारची आई. किडनी मीच देणार, हे त्यांनी पहिल्या दिवशीच सांगून टाकलं होतं. काकांना शुगर, म्हणून ते बाद. काकूंचा रक्तगट जुळला होता, पुढचा मोठा रिपोर्ट रायपूरहून यायचा होता. तपासणीच्या वेळी नर्स नावानं हाक मारत नसत, "पेशंट की मदर कौन है?" असं विचारत. त्यामुळे हॉस्पिटलात काकूंचं नावच 'मदर' झालं होतं. पण तुषारला हे नको होतं. घरात कोणी नसलं की मला म्हणायचा, "तिचं काही जुळू नये, एवढंच मागून राहिलो मी. माह्यासाठी तिले कायले कापाचं? नाही जुळलं तं तिचाबी जीव मोकळा होते." जुळलं तरी मी ऑपरेशनच्या कागदावर सही करणार नाही, असं तो सरळ सांगायचा.

एका दुपारी आम्ही पुढच्या खोलीत सतरंजीवर पेटी उघडून बसलो होतो. आत काकू पोळ्या लाटत होत्या. आमच्या पोरांमध्ये मदरबोर्डला नुसतं 'मदर' म्हणायची सवय आहे. मी बोर्ड चारी बाजूंनी फिरवून पाहिला आणि म्हणालो, "मदर मॅच नाही होऊन राहिली यार."

"कुठंच नाही?" तुषारनं विचारलं.

"कुठंच नाही. दाबून पाहू का?"

"पागल हाय का बे? जबरदस्ती बसवली तं मरते."

"मग दुसरी पाहू?"

"दुसरी कुठून आणू? एकच तं होती."

लाटण्याचा आवाज थांबला होता, ते आमच्या लक्षात आलं नाही. काकू दारात उभ्या होत्या, हात पिठाचे. त्या चौकटीला धरून हळूहळू खाली बसल्या. "कवा आला रिपोर्ट?" त्या म्हणाल्या. "मले कावून नाई सांगतलं?"

मला काहीच कळेना. तुषारला आधी कळलं. त्यानं बोर्ड उचलून त्यांच्यासमोर धरला. "आई, हे मदर. हिले मदर म्हणतात. हे या पेटीत बसून नाही राहिली." आणि तो हसायला लागला, खोकला येईपर्यंत हसला, मलाही आवरेना. काकू त्या हिरव्या पाटीकडे बघत राहिल्या.

"हे मदर हाय?"

"हो."

"अन् माहा रिपोर्ट?"

"तुहा नाही आला अजून."

"मुड..." म्हणत त्यांनी लाटणं उगारलं आणि शब्द तिथंच सोडला. 'मुडद्या' हा त्या घरात लाडाचा शब्द होता. तुषार आजारी पडल्यापासून तो कोणी उच्चारत नव्हतं. "जुळत नसन तं जुळवा न," उठता उठता त्या म्हणाल्या. "दोघं दोघं इंजिनेर, अन् चार भोकं जुळवता येत नाही तुमाले." आणि तव्यावरची पोळी करपायला लागली म्हणून आत गेल्या.

तुषारनं बोर्ड सतरंजीवर ठेवला. मग हळूच म्हणाला, "तूने उसका मुँह देखा?" काही मनातलं बोलायचं असलं की तो सुरुवात हिंदीत करायचा. मी मान हलवली. "मले वाटे, नाही जुळलं तं तिले बरं वाटन..." संध्याकाळी काका ड्युटीवरून आले, तेव्हा बूट काढायच्या आधीच त्यांना म्हणाला, "बाबा, रिपोर्ट जुळला तं मी सही करतो." काका बूट काढायला खाली बसले. तेवढ्यात त्यानं पुढचं सांगितलं, "अन् कोणाजवळ ड्रिल मशीन भेटते का, पाहा."

बोर्डाला हात लावायचा नाही, जे कापायचं ते पेटीचं, असं तुषारनं ठरवलं. आम्ही बोर्ड पुठ्ठ्यावर ठेवून त्याच्या भोकांच्या खुणा केल्या, तो पुठ्ठा पेटीच्या तळाशी चिकटवला आणि काकांनी त्या खुणांवर नवी भोकं पाडली. नको त्या खुंट्या मुळापासून काढल्या. चालू करायच्या बटणाचं कोडं काही दिवस सुटलं नाही. शेवटी पट्टीतल्या नेमक्या दोन तारा तुषारला सापडल्या आणि तिथे आम्ही दाराच्या घंटीचं जुनं बटण जोडलं. पहिल्यांदा ते दाबलं तेव्हा बोर्डाला आपल्या कंपनीचे पंखे दिसले नाहीत. मग त्यानं आम्ही लावलेले पंखे इतक्या जोरात फिरवले की शेजारचे डोकावले. "अबे, हे तं प्लांटातला ब्लोअर हाय," काका म्हणाले. "मंग मी ड्युटीवरून घरी कायले आलो?" मॉनिटरवर इंग्रजीत एक ओळ येऊन मशीन थांबलं होतं. पंखा सापडत नाही, तरीही पुढे जायचं असेल तर एफ-वन दाबा. दर वेळी सुरू करताना ते तिथंच थांबायचं. आम्हाला ती ओळ कधीच घालवता आली नाही. तुषार बहुतेक वेळ पलंगावर असायचा, त्यामुळे ते बटण दाबायचं काम काकूंकडे आलं. "वरच्या लाइनीतली दुसरी चावी, आई." त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, पण ती ओळ त्या दुरून ओळखायला लागल्या.

रिपोर्ट आला. जुळला होता. "आई, मदर बसते," तुषार म्हणाला, आणि या वेळी काकू हसल्या. डॉक्टरांनी त्यांना भरपूर पाणी प्यायला सांगितलं. तुषारला पाणी मोजून मिळायचं, म्हणून काकू त्याच्यासमोर कधी घोटही घेत नसत, स्वयंपाकघरात जाऊन प्यायच्या. आता तोच तांब्या भरून त्यांच्यापुढे धरायचा. "पी न. माही किडनी हाय ते आता. तिले तहान लागली असन." त्या पदरानं तोंड झाकून प्यायच्या, आणि तो शेवटच्या घोटापर्यंत बघत राहायचा.

ऑपरेशनच्या परवानग्या व्हायच्या होत्या. त्या व्हायच्या आतच त्याला ताप आला, रक्तात इन्फेक्शन पसरलं. अशा आजारात शरीराला लढायचं बळ उरत नाही, यात कोणाची चूक नाही, असं डॉक्टरांनी काकांना नीट समजावलं. मला ते पटलंही. पण काकांचा फोन आला त्या दिवशी मी वायर घेऊन त्यांच्या घरी पोहोचलो तेव्हा मला काही सांगावंच लागलं नाही. माझ्याकडे बघूनच काकूंना कळलं. त्या रडल्या नाहीत. माझं मनगट धरून म्हणाल्या, "बाबू, तुले इंग्रजी येते. डॉक्टरले फोन लाव. म्हणा, मदर तयार हाय. आजच काढून घ्या म्हणा... अजूनबी बसन का, विचार न त्याले." मी फोन हातात धरला, आणि तसाच धरून बसलो. काकांनी मला तेवढंच सांगितलं होतं, बस म्हणून.

आता काही आठवडे झाले. मी जाऊन येतो. त्याच्या खोलीत गादी गुंडाळलेली आहे, औषधं कोणीतरी उचलून नेली आहेत. मशीन मात्र तिथंच आहे आणि चालू आहे. परवा मी गेलो तेव्हा लाइट गेलेली होती. काकू पायरीवर भाजी निवडत होत्या, मी शेजारी बसलो होतो. लाइट आली. काकूंनी सूप बाजूला ठेवलं, हात पुसले आणि आत गेल्या. घंटीचं बटण दाबल्याचा आवाज आला, पंखे ओरडायला लागले. मी मागोमाग गेलो. त्या मॉनिटरसमोर ओळीची वाट बघत उभ्या होत्या. ओळ आली, त्यांनी दुसरी चावी दाबली. मला राहवलं नाही. म्हणालो, "काकू, आता बंद ठेवलं तरी चालते. कोणी वापरत नाही न."

पंख्यांचा आवाज हळूहळू खाली येईपर्यंत त्या पेटीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"बसली हाय न बाबू ते," त्या म्हणाल्या. "मंग चालू राहू दे."