उलट्या पावलांनी शिकलेला शब्द

सत्तरच्या दशकात मोहोपाड्याच्या एका रसायन कारखान्यात नवा विभाग सुरू व्हायचा होता. यंत्रं फ्रान्सची आणि ती चालू करून देणारा तंत्रज्ञही तिथलाच. त्याला इंग्रजी जेमतेम येई. माझी थोरली बहीण तिथल्या प्रयोगशाळेत होती. तपासलेल्या रसायनाचं नाव तिनं फोनवरून फ्रेंचमध्ये सांगायचं, ते ऐकून तो पुढचा व्हॉल्व्ह उघडणार. चाचणी सोमवारी होती. जमलं नाही, तर त्या कामावर मुंबईहून दुसरा माणूस येणार होता.

एका नावाशी ती अडे. तंत्रज्ञानं त्याचे तुकडे पाडून दिले होते: दि-मे-ति-ला-मि-नो-बँ-झाल-दे-ईद. सगळे सारख्या वजनाचे, जोर फक्त शेवटच्यावर. बहीण जोरात सुरुवात करी आणि शेवट येईतो तिचा श्वास संपे.

रविवारी ती कर्जतजवळच्या आमच्या गावी आली. भाताची आवणी चालू होती. ती आईशेजारी रोपं लावायला उतरली. मी रोपांच्या मुठी पुरवत होतो.

"काय गं पुटपुटतेस? मंतर हाय काय?" आईनं विचारलं.

"रसायनाचं नाव हाय. सोमवारी चुकले तर काम जाईल."

"म्हण बघू."

ती म्हणाली आणि मध्येच अडकली.

"पुढं पुढं काय पळतेस? आवणी करताना पुढं जातो का आपण? लावलेलं तुडवशील. मागं सर."

बहिणीनं शेवटचा तुकडा धरला. "ईद." एक पाऊल मागे. "देईद." आणखी एक. "झाल्देईद."

"ईद आली वाटतं गं!" शेजारची काकू ओरडली. बांधापर्यंत पोचेतो सगळी रांग तेच म्हणत होती, आणि बहिणीच्या तोंडी पूर्ण नाव बसलं होतं.

मी तेव्हा एका वर्तमानपत्राचा वार्ताहर होतो, म्हणून सोमवारी चाचणीची बातमी घ्यायला प्रयोगशाळेत हजर होतो. तिनं फोन उचलला आणि नाव एका दमात, शेवटावर जोर देऊन सांगितलं. पलीकडून "उई, मादाम," म्हणजे "हो, बाई," असं मलाही ऐकू आलं आणि मग पाइपांतून रसायन वाहण्याचा आवाज.

काम तिचंच राहिलं. आईला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मग? लेक कुणाची हाय?"

पुढं नवे लोक आले की बहीण त्यांना ते नाव शिकवी. प्रयोगशाळेच्या भिंतीपासून दारापर्यंत, उलट्या पावलांनी.