कागदावर न आलेलं प्रकरण

संपतदादा गेल्याचं मला वहिनींच्या फोनवरून कळलं. मी सांगलीत, प्रेसमध्ये, कुणाच्या तरी लग्नपत्रिकेतली नावं नीट करत होतो. "भावजी, हे गेलं," एवढंच त्या म्हणाल्या. मी "हो" म्हणालो. समोर पडद्यावर वधूच्या मामांचं नाव अर्धवट राहिलं होतं. ते मी पूर्ण केलं, मगच उठलो. असं का केलं, मला सांगता येणार नाही.

संपतदादा आमच्या भावकीतला. माझा थोरला भाऊ विलास आणि तो एकाच भरतीत फौजेत लागले, पुढे एकाच युनिटमध्ये ड्रायव्हर झाले. विलासची गाडी बर्फातल्या रस्त्यावरून दरीत गेली, तेव्हा त्याच्या शवपेटीसोबत गावाला आला तो संपतदादाच. आमचं गाव म्हसवडहून आटपाडीकडं जाणाऱ्या रस्त्याला आत आहे. त्यानंतर दर सुट्टीला घरी जाण्याआधी तो आमच्या दारात यायचा. "काकी, च्या टाक," म्हणत थेट चुलीपाशी. आई त्याला विलासच्या ताटात वाढायची. मी तेव्हा शाळेत होतो. ते ताट मला कधी मिळालं नाही, हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही.

निवृत्तीनंतर तो म्हसवडला राहू लागला, आणि साखरेनं त्याचे डोळे गेले, म्हणजे अगदी गेले नाहीत, पण छापलेलं दिसेना. आणि नेमकं तेव्हाच त्याला पुस्तक लिहायचं सुचलं. जाड मार्करनं, ओळीवर ओळ चढवत, एका पानावर जेमतेम पाच-सहा वाक्यं. पुण्याच्या एका प्रकाशकानं उत्तरच दिलं नाही. तेव्हा मीच म्हणालो, "दादा, आपणच काढू. कागदाचंही काढू आणि ई-बुकही." ई-बुक म्हणजे काय, ते त्याला समजावलं. मुलानं दिलेल्या टॅबवर अक्षर हवं तेवढं मोठं करून दाखवलं, तशी स्वारी खूश. "म्हंजे माझं पुस्तक मला वाचाय येणार! आरं, लेखक मी, प्रकाशक मी, आन पयलं गिऱ्हाईक बी मीच. धंदा बुडतोय कशाला!"

तो एसटीनं कागद पाठवायचा, मी दुपारच्या सुट्टीत टाईप करायचो. भरती, लंगरमधल्या, म्हणजे फौजेच्या भटारखान्यातल्या गमती, आसामातली जळवांची रात्र... आणि एक दिवस मधलंच एक प्रकरण आलं. त्यात विलास होता. गाडी दरीत गेली त्या दिवशी ती घेऊन जायची पाळी संपतदादाची होती. 'अंगात कणकण होती. गेलो असतो तर गेलो असतो. पण विलास म्हणाला, पड तू, मी जातो. मी पडलो.' शेवटी लिहिलं होतं, 'हे काकीला तोंडानं सांगायला मला एवढ्या वर्षांत जमलं नाही. पुस्तकात वाचून तिनं काय ती शिक्षा द्यावी.'

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "टाईप झालं का त्ये?"

"झालं."

मग मी म्हणालो, "पुढचं प्रकरण लवकर पाठव."

"बरं," म्हणाला.

छपाईला फाईल देताना मी ते प्रकरण काढलं. अनुक्रमणिकेतून नाव उडवलं, पानांचे आकडे सरकवून घेतले. ई-बुकमध्ये मात्र राहू दिलं, कारण ते संपतदादा स्वतः वाचणार होता. कागदी पुस्तक गाव वाचणार, आई वाचणार. दोन्हींची मुखपृष्ठं सारखीच होती. आईला या वयात धक्का नको, असं मी स्वतःला बजावलं. ते खरं नव्हतं. खरं हे, की तो सांगून मोकळा होणार, आई त्याला जवळ घेणार, आणि विलासचं ताट कायमचं त्याचं होणार, हे मला बघवणार नव्हतं. वाटलं, वाहू दे की ओझं. आम्ही नाही वाहिलं?

प्रकाशन गावच्या शाळेत झालं. पहिली प्रत आईच्या हातात देऊन तो तिच्या पायाशी वाकला. "काकी, समदं वाच बरं का. मधलं काय सोडू नगंस."

"व्हय रं बाबा, वाचते की. परीक्षा घेणार हायेस का काय माझी?" आई म्हणाली. लोक हसले. तो हसला नाही.

आईनं चष्मा लावून, ओळीखाली बोट धरून सगळं वाचलं. महिन्याभरानं संपतदादानं मला विचारलं, "काकीनं वाचलं?"

"पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत."

"काय म्हणली?"

"लय चांगलं लिवलंय, म्हणाली."

"आन... इलासचं?"

"त्यावर काही बोलली नाही."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

त्यानंतर त्यानं आमच्याकडं येणं सोडलं. नागपूरकडच्या एका निवृत्त फौजीनं ई-बुक वाचून त्याला फोन केला, पलीकडून रडला म्हणे. ते मला सांगताना तो म्हणाला, "परकी माणसं बोलत्यात गड्या, घरची गप हायेत." मी म्हणालो, "होईल सगळं नीट." इकडं आई विचारायची, "संपत का येत न्हाई रं? म्या काय बोलले का त्याला? दिसत न्हाई तर रिक्षा करून ये म्हणावं." तो निरोप मी त्याला कधीच दिला नाही. उद्या देऊ, पुढच्या खेपेला देऊ... आणि वहिनींचा फोन आला.

दहाव्याला वहिनींनी मला बाजूला बोलावलं. म्हणाल्या, "शेवटी शेवटी एकच घोकत व्हते. काकीनं वाचलं आन गप ऱ्हायली, बराबर हाय तिचं."

त्याच संध्याकाळी मी आईसमोर मोबाईल धरून ते प्रकरण वाचलं. ती भिंतीला टेकून ऐकत होती. माझं वाचून संपलं. मग म्हणाली, "कणकण आलेल्या पोरानं कशाला जायचं गाडी घिऊन? इलासनं बराबर केलं." थोड्या वेळानं, "एवढ्यासाठी यायचा बंद झाला? येडा का काय त्यो!" आणि पदर तोंडाला लावून रडली. विलासची पेटी आली तेव्हासुद्धा ती चार माणसांत अशी रडली नव्हती.

इतकंच होतं. एका चहाच्या वेळेत संपलं असतं.

आता गावी गेलो की मी बघतो, आई खिडकीपाशी बसून संपतदादाचं पुस्तक चाळत असते. आधी वाटलं, त्याची आठवण येते म्हणून. परवा तिनंच विचारलं, "ह्यात त्ये इलासचं कुठशी हाय रं? तवा माझ्या नजरंतनं कसं सुटलं? त्यो मधलं सोडू नगंस म्हणला व्हता, आन म्या नेमकं त्येच सोडलं बघ." आणि पुन्हा पहिल्या पानापासून, ओळीखाली बोट धरून, शोधायला लागली.

मी तिच्यासमोर उभा होतो. तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही, म्हणून हे सगळं लिहून पेपरच्या रविवार पुरवणीला पाठवलंय.

रविवारचा पेपर आमच्या गावात दुपारच्या एसटीनं येतो. आई तो पुरवणीसकट वाचते.