टेकडीवरचं हरीण

आमच्या परभणीत उंच म्हणावं असं फार काही नाही. काळ्या रानाचा जिल्हा, आणि इतका सपाट की देवगाव फाट्यावर कुणी उभ्यानं शिंकलं तर बोरीचा माणूस खिशातून रुमाल काढतो. अशा गावाला बागेतल्या टेकडीचं केवढं अप्रूप असेल, ते डोंगराच्या कुशीत जन्मलेल्यांना कळायचं नाही.

ही टेकडी आपसूक झाली. बागेत बोटिंगसाठी तळं खोदलं. तळ्यात पाणी काही टिकलं नाही, बोट तर आलीच नाही, मातीचा ढीग तेवढा राहिला. तो उचलून न्यायचा कुणी, म्हणून कुण्या साहेबानं हुकूम दिला की ढिगावर हिरवळ लावा, वाट काढा आणि टेकडी म्हणा. निम्म्यावर सिमेंटचं एक हरीण बसवलं, माथ्यावर बाक ठेवला. झालं हिल स्टेशन!

पाहुण्यांना मी हा इतिहास सांगत नाही. त्यांना सांगतो की निजामाच्या एका सरदाराचा लाडका हत्ती इथं उभ्या उभ्या मेला आणि त्याला तसाच उभा पुरला. जालन्याच्या एका पाहुण्याला तर मी सोंडेची जागाही दाखवली. त्यानं चप्पल काढून नमस्कार केला.

पण खरी गंमत मातीत होती. घर बांधायचं म्हटलं की काळी माती उपसून मुरूम लागेपर्यंत पाया खोदणारी आमची माणसं. टेकडी मात्र त्यांनी निव्वळ काळ्या मातीची केली. ही माती पावसात फुगते, उन्हात आक्रसते. उन्हाळ्यात टेकडीला अशा भेगा पडत की एकदा माझी चप्पलच आत गेली. आठवड्यानं ती खाली तळ्यात सापडली, आणि शपथेवर सांगतो, तिची झिजलेली टाच भरून आलेली होती. हे सोडा. पण दर पावसाळ्यात टेकडी थोडी थोडी खाली बसायची, ते मात्र सगळ्या गावानं पाहिलंय.

एवढं सांगायचं कारण आक्का. आक्का माझी थोरली बहीण. भावजी गेल्यापासून ती बोरी सोडून आमच्याकडं राहते. मागं मला काविळीनं असं धरलं होतं की दवाखान्याच्या पांढऱ्या चादरीवर मी हळदीचं शेत दिसायचो. तेव्हा आक्कानं माहूरच्या देवीला नवस बोलला: भाऊ उठला तर पायऱ्या चढून येईन, तुझी ओटी भरीन. मी उठलो, आणि तिचे गुडघे बसले.

"डोलीत बस की, आक्का," मी म्हणालो. "माणसं अलगद वर नेतात."

"पायानं येईन म्हणले मी. देवीला काय कमी ऐकू येतंय?"

मग चढायचा सराव कुठं करायचा? आख्ख्या शहरात चढ एकच. रोज सकाळी आम्ही बागेत जायला लागलो. आक्का हरणापर्यंत पोचायची, त्याच्या पाठीवर बसायची, मानेला मिठी मारून दम खायची आणि माघारी फिरायची. तिचा नेमच पडला. बसायचं तर हरणावर, एरवी कुठं नाही. घरी माझ्या सुनेनं विचारलं, "आत्याबाई, किती चढल्या?" की उत्तर ठरलेलं, "हरीण."

पावसाळा सरला आणि एके दिवशी आक्का हरणावरून उठली ती थेट माथ्यावरच्या बाकावर जाऊन बसली.

"चढ लय हलका वाटायलाय रं!" तिचं तोंड फुललं होतं. मग बागेच्या कडेच्या भिंतीकडं बघून म्हणाली, "पण हितून रेल्वे दिसते म्हणायलास तू. कुठंय? तिकडं नवी बिल्डिंग झाली वाटतं."

बिल्डिंग कुठली! बागेचीच जुनी भिंत ती. झाडांना पाणी घालणारे मामू, बागेचे माळी, नळी धरून माझ्या कानाशी आले. "आक्का नहीं चढी साब," ते कुजबुजले, "टेकडी उतरी."

आक्कानं त्याच दिवशी माहूरची गाडी सांगायचा हट्ट धरला. तिथं पायऱ्यांवर अर्ध्यात बसली असती तर देवीनंच आपल्याला परत पाठवलं असं तिनं धरलं असतं, आणि मग ती पुन्हा कशालाच उठली नसती. शिवाय नवस माझ्या जिवाचा. अर्धाच फिटला तर देवी माझा कोणता अर्धा ठेवून घेईल, हाही प्रश्न होता. मी थापांवर थापा मारल्या. घाटात दरड पडलीय. ड्रायव्हरच्या मेव्हणीचं लग्न आहे. माहूरच्या माकडांनी पायऱ्या अडवून धरणं धरलंय.

"माकडांच्या मागण्या तरी काय हायत?" आक्कानं विचारलं.

"फुटाणे वाढवून पाहिजेत."

दुसऱ्या दिवशी ती तूर काढायला म्हणून बोरीला निघून गेली. ती तिकडं असतानाच बागेच्या दुरुस्तीचं काम निघालं. मुरमाच्या गाड्या आल्या आणि टेकडी दाबून, वाढवून पहिल्यापेक्षा उंच केली. त्या ढिगात हरीण पार गडप झालं. शिंगं पोरांनी आधीच मोडली होती, त्यामुळं खूणही राहिली नाही.

आक्का परतली आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच पदर खोचून निघाली. मी पाण्याची बाटली घेऊन मागं. आता काही खरं नाही असं मनात म्हणत होतो. निम्म्यावर तिची चाल मंदावली.

"हरीण कुठं गेलं रं?"

"पुढं असंल," मी म्हणालो. तोंडाला सवयच तशी.

"पुढं असंल म्हणायलास तू, अन् दिसत तर न्हाई!" ती करवादली, पण बसली नाही. हरणाशिवाय बसायचं तिला ठाऊकच नव्हतं. शिव्या देत, थांबत, गुडघ्यावर हात रोवत ती चढत राहिली, आणि समोर आला तो थेट माथ्यावरचा बाक. भिंतीपलीकडून सकाळची गाडी चालली होती. आक्का डब्यांमागून डबे बघत राहिली.

"ती बिल्डिंग पाडली वाटतं," ती म्हणाली.

खाली मामूंनी नळी दुसऱ्या झाडाकडं वळवली. मी म्हणालो, "व्हय, पाडली."

त्याच आठवड्यात आम्ही माहूरला गेलो. पायऱ्यांच्या निम्म्यावर आक्काचा हात कठड्यावर थबकला, डोळे बसायला जागा शोधू लागले.

"आक्का," मी मागून म्हणालो, "हरीण अजून यायचंय."

"माहूरला कुठलं आलंय हरीण?"

"नवीन बसवलंय म्हणे. पुढच्या वळणावर."

तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, पदर पुन्हा खोचला आणि पुढची पायरी घेतली.

ओटी भरून झाल्यावर ती बाहेर येऊन बसली, गुडघे चोळत. चेहरा शांत होता.

"हरीण काही दिसलं न्हाई," ती म्हणाली.

"पळालं असंल."

"सिमेंटचं?"

मी उत्तर जुळवतच होतो. तेवढ्यात तिनं देवीच्या प्रसादाचा, कुटलेल्या तांबुलाचा भला मोठा गोळा माझ्या तोंडात कोंबला, पार गाल फुगेपर्यंत.