कस्तुराबाईंचं नाक

भोसरी एमआयडीसीच्या आतल्या गल्लीत पत्र्याच्या शेडखाली प्लेटिंगचं एक युनिट आहे. चाकणच्या गाड्यांना लागणारे बारके पार्ट तिथे धुतले जातात, चकाकवले जातात आणि टेम्पोत भरून रवाना होतात. त्या शेडमध्ये हवा तपासायचं यंत्र नव्हतं. कस्तुराबाई ओव्हाळ होत्या.

एकोणीस वर्षं त्या संत तुकाराम नगरजवळच्या वस्तीतून बसने यायच्या, साडीवर निळा शर्ट चढवायच्या आणि कामाला लागायच्या. मोठ्या पिंपातलं रसायन छोट्या कॅनमध्ये ओतलं की लेबल पिंपावरच राहायचं. ते असायचं इंग्रजीत, म्हणजे असून नसल्यासारखंच. मग सुपरवायझर पिंटूची हाक यायची, "मावशे, जरा वास घ्या वं!" झाकण उघडून कस्तुराबाई एकदा हुंगायच्या आणि निकाल द्यायच्या. हे पिवळं पाणी, हे आम्ल, हे गोडं. पिवळं पाणी म्हणजे पार्टवर चकाकी चढवायचं क्रोमचं रसायन, गोडं म्हणजे पार्टवरचं तेल काढायचं द्रव. गोड्याचा वास गोडसर, पण जास्त वेळ घेतला तर माणूस झिंगायचा.

पाहुणे आले की शेठ त्यांना दाखवायचे, "ही आमची बाई म्हणजे चालतंबोलतं मशीन!" बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. का चढू नये? कारखान्यात बाईमाणसाला कोण विचारतो? इथे तर तिच्या एका शब्दावर माणूस टाकीत उतरायचा. महिन्यातून एकदा गोड्याची टाकी रिकामी करत आणि तळाचा गाळ खरवडायला एकजण आत जाई. त्याआधी कस्तुराबाई टाकीच्या तोंडाशी वाकून वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, "उतर." उतरायचा बहुतेक वेळा धम्मरत्नच. त्यांच्या दोन घरं पलीकडे राहणारा, अंगाने सडपातळ, दोन लेकरांचा बाप. कामाला त्यांनीच लावलेला, मावशी म्हणणारा.

यंदा बुद्धपौर्णिमेला विहारात वाटायला कस्तुराबाईंनी खीर केली. लोकांनी वाट्या रिकाम्या केल्या, धम्मरत्नाने तर दुसऱ्यांदा मागून घेतली. संध्याकाळी पातेलं घासायला घेतलं तर तळाशी बोटभर काळा थर. खीर करपली होती आणि शेगडीपाशी उभं राहून त्यांना पत्ता लागला नव्हता. चाखून पाहिली होती, तेव्हा नुसती गोड लागली होती. त्यांनी कांदा फोडून नाकाला लावला. फिनेलची बाटली हुंगली. डोळ्यांना पाणी आलं, वास आला नाही.

पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरने नाकात बॅटरी धरली. "मधल्या पडद्याला आरपार भोक आहे, मावशी. कुठे काम करता?" त्यांनी सांगितलं. पिवळ्या पाण्याची वाफ वर्षानुवर्षं नाकात गेली की असं होतं, असं डॉक्टर म्हणाला आणि तसं कागदावर लिहून दिलं. कस्तुराबाईंनी तो कागद पिठाच्या डब्याखाली सरकवला आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या. नाक गेलं म्हटलं तर हातात झाडू येईल, ही भीती होती. पण खोटं कशाला बोला, निम्मी भीती आणि निम्मा मान होता. तो सोडवेना.

त्याच सुमारास श्रद्धा नावाची मुलगी रविवारी विहारात कामगारांचा वर्ग घ्यायची. ती सांगायची, जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आहे, तिने नियम केलेत. डब्यात काय आहे ते कामगाराला कळेल असं लिहा. हवेत विष किती ते मोजा, आणि हे काम मालकाचं. जिवाला धोका दिसला तर कामगाराने बाजूला व्हावं, त्याला शिक्षा होता कामा नये.

"आणि मोजायला यंत्रच नसेल तर?" कस्तुराबाईंनी विचारलं.

"तर उतरायचं नाही."

सगळे हसले. हसण्यासारखंच होतं. उतरत नाही म्हणणारा दुसऱ्या दिवशी गेटच्या आत यायला नको का? धम्मरत्नही हसला होता.

पावसाळ्यात माल घेणाऱ्या परदेशी कंपनीचा फॉर्म आला. त्यांनाही तेच नियम पाळलेले हवे होते. एका रकान्यात विचारलं होतं, टाकीत माणूस उतरण्याआधी हवा कोण तपासतं? यंत्र आणायचं सोडून शेठने तिथे नाव लिहिलं, कस्तुरा किसन ओव्हाळ. पिंटूने पेन पुढे केलं.

"करा सही, मावशे. नाव आता फॉरेनला चाललं तुमचं."

बोलायची वेळ तीच होती. कस्तुराबाईंनी जपून, ओळीवर सही केली.

आठ दिवसांनी भर दुपारी धम्मरत्न खरवडणी घेऊन टाकीच्या काठावर बसला. "मावशी, बघ गं."

त्या वाकल्या. वास आला नाही, येणार कुठून? टाकी काल रिकामी केलीय, पंखा रात्रभर चालू होता, असेल उडून गेलं, असं त्यांनी मनाला समजावलं.

"उतर," त्या म्हणाल्या.

खरवडण्याचा आवाज थोडा वेळ आला आणि थांबला. दोरी टाकून वर काढेपर्यंत सगळं संपलं होतं.

सरकारी निरीक्षक येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी पिंटू घरी आला. चहाला नको म्हणाला.

"हवा चांगली हुती, त्यालाच चक्कर आली, एवढंच सांगा. आमी बघतो फुडचं. न्हाईतर कागदावर नाव तुमचंच हाय, मावशे."

तो गेल्यावर कस्तुराबाईंनी पिठाचा डबा उचलला.

शेठच्या ऑफिसात निरीक्षक फॉर्म उघडून बसले होते. बाजूला शेठ आणि पिंटू, दाराशी धम्मरत्नाची बायको जयमाला. "हवा तुम्ही तपासलीत?" निरीक्षकांनी विचारलं.

कस्तुराबाईंनी दवाखान्याचा कागद टेबलावर ठेवला. मग येताना पदराआड आणलेला कॅन उघडला, गोड्यात फडकं बुडवलं आणि नाकाला लावलं. निरीक्षक खुर्चीसकट मागे सरकले.

"तुम्हाला वास आला ना, साहेब? मला येत नाही. वास येत नसताना मी त्याला उतर म्हटलं. माझं नाक यांच्या पिवळ्या पाण्याने खाल्लं, आणि मी ते लपवलं. दोन्ही लिहा."

निरीक्षकांनी लिहिलं. मग मान वर करून पहिल्यांदाच शेठला विचारलं, "यंत्र का नव्हतं?" शेठ पिंटूकडे बघू लागले.

कस्तुराबाई दाराकडे वळल्या. जयमालाने वाट सोडली नाही.

"कधीपासून, मावशी?"

"बुद्धपौर्णिमेपासून."



"खीर खाली लागली होती त्या दिवशी," जयमाला म्हणाली. "मी सांगायला निघाले होते तुम्हाला. ह्यांनी हात धरला माझा. म्हणाले, नको सांगू, मावशीला वाईट वाटेल."